टिटवीची हाक

"टिटवी विलग झाली!"

लाउडस्पीकरवर हे शब्द आले आणि नियंत्रण कक्षात एकच कल्ला झाला. कुणी टेबलं बडवली, कुणी शेजारच्याला मिठी मारली. काचेपलीकडच्या गॅलरीत वाशीमहून आलेली मुलं उड्या मारत होती. त्यांचा आवाज आत येत नव्हता, नुसती उघडी तोंडं आणि वर गेलेले हात दिसत होते. त्यांचे लव्हाळे सर तेवढे खाली बसले होते, दोन्ही तळव्यांत चेहरा घेऊन.

मीही टाळ्या वाजवायला हात उचलले आणि ते तसेच राहिले. माझ्यासमोरच्या पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. त्या क्षणी ती सरळ असायला नको होती.

मी तेव्हा 'गगनवेध'मध्ये होते. पुण्यातली खासगी कंपनी, छोटी रॉकेटं बनवणारी. माझं काम विश्वसनीयतेचं. म्हणजे कुठला भाग कधी दगा देईल, का देईल, हे उड्डाणाच्या आधी शोधायचं. माझा भाऊ म्हणायचा, शलाकाला लोकांच्या कामात खोट काढायचा पगार मिळतो, घरी तर ती ते फुकट करते.

हे आमचं पहिलंच रॉकेट. त्यात एकच उपग्रह होता, टिटवी. बुटांच्या खोक्याएवढा. वाशीमजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांनी तो बनवला होता, आणि एका बॅचनं सुरू केलेलं काम पुढच्या बॅचनं असं करत तो पुरा झाला होता. ढगांतल्या विजा मोजायच्या, कुठल्या पट्ट्यात त्या वाढतायत ते बघायचं, एवढंच त्याचं काम. "आमच्याकडं दर पावसाळ्यात शेतातली माणसं वीज पडून जातात, मॅडम," लव्हाळे सर पहिल्या भेटीत म्हणाले होते. "पेपरात दोन ओळी येतात. आम्हाला वाटलं, निदान मोजू तरी."

टिटवी एका पेटीत बंद करून रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर बसवली होती. वर पोचल्यावर आज्ञा जायची, पेटीच्या दाराची खिट्टी मागे सरकायची, दार उघडायचं आणि आतली स्प्रिंग टिटवीला बाहेर ढकलायची. स्प्रिंग टिटवीला पुढं ढकलते तेव्हा टप्प्याला मागं ढकलते. किंचितच, पण माझ्या पडद्यावरच्या रेघेला त्या क्षणी उसळी यायला हवी होती.

आली नव्हती.

मी कामतेकर सरांकडं गेले. डॉ. निरंजन कामतेकर म्हणजे कंपनीचे संस्थापक, मोहिमेचे प्रमुख, आणि मला या क्षेत्रात आणणारे गुरू. परदेशातली मोठी नोकरी सोडून आलेला माणूस. मुलाखतीत त्यांनी मला सांगितलं होतं, "तुझ्यासारखी शंकेखोर माणसं मला हवीत. होयबा पुष्कळ मिळतात."

"सर, दार उघडलेलं नाही."

"काय?" ते अजून कुणाचा तरी हात हलवत होते. "स्क्रीनवर हिरवं आहे की!"

"ते आज्ञा गेली म्हणून हिरवं आहे. दार उघडल्याची खूण आलीच नाही."

"खूण देणारा स्विच चिकटला असेल."

"आणि धक्का? टप्प्याला धक्काच बसलेला नाही. तुम्ही रेघ बघा."

ते माझ्या पडद्यापाशी आले. रेघ बघितली. त्या रेघेचा अर्थ कळायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ बघितली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "शलाका, बाहेर टीव्हीवाले उभे आहेत. हे नंतर."

आणि बाहेर जाऊन त्यांनी लव्हाळे सरांना कडकडून मिठी मारली. तो फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत आला.

टिटवी पेटीतून बाहेर पडल्याबरोबर जागी होणार होती. अँटेना उलगडून हाक देणार होती. मुलांनी कॉलेजच्या गच्चीवर ती हाक ऐकायला यंत्रणा उभी केली होती. आमचा टप्पा वाशीमवरून जायचा त्या त्या वेळी सगळी तिथं जमायची. हाक येत नव्हती. लव्हाळे सरांचा मला रोज फोन.

"मॅडम, आजही काही नाही."

"तपासणी सुरू आहे, सर. माझ्या हातात नाही, पण मी त्यांच्या मागे लागलेय."

"पोरं जेवायला खाली येत नाहीत हो."

मी खरंच मागे लागले होते. खिट्टीवर माझा पहिल्यापासून राग होता. थंड निर्वात कोठीत आम्ही पेटी तपासली तेव्हा ती एकदा अडकली होती. कोठी गरम करून पुन्हा घेतलं तर सुटली. मग बाकीच्या सगळ्या चाचण्या ठीक गेल्या, आणि ते एकदाचं अडकणं 'चाचणीतला दोष' ठरवून बाजूला ठेवण्यात आलं. मी म्हणत होते, ही बदला. एकदा अडकलेली वस्तू पुन्हा अडकते, आणि वर गरम करायला कोणी जाणार नाही. कामतेकर सर म्हणाले होते, पुढच्या रॉकेटला बदलू, आता वेळ नाही.

दरम्यान परदेशातल्या रडारवाल्यांनी आमच्या उड्डाणाची कक्षेत एकच वस्तू नोंदवली. टप्पा आणि टिटवी मिळून दोन असायला हव्या होत्या. मला आणखी पुरावा नको होता. मी सगळं घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तू बरोबर आहेस," ते म्हणाले.

मला इतकं हायसं वाटलं की मी हसलेच. "मग आपण मुलांना कळवू या. आजच."

"काय कळवायचं?"

"हेच. की दार उघडलं नाही."

"शलाका, बस जरा." त्यांनी स्वतः उठून मला पाणी दिलं. "हे आपलं पहिलं उड्डाण. पहिलं उड्डाण फसलं असं लिहिलं की दुसऱ्याला गिऱ्हाईक येत नाही. नवी खिट्टी बनवायला सांगून झालीय, पुढच्या रॉकेटला तीच बसेल. तुझंच ऐकलं मी. म्हणजे दुरुस्ती झाली. आता उरलं फक्त लिहायचं कसं."

"कसं लिहिणार?"

त्यांनी मसुदा माझ्याकडं सरकवला. 'प्रक्षेपण यशस्वी. ग्राहकाच्या उपग्रहातील दोषामुळे संपर्क होऊ शकला नाही. संभाव्य कारण : अँटेना न उलगडणे.'

मी ते दोनदा वाचलं. "सर, अँटेना उलगडायला ती आधी बाहेर यायला पाहिजे ना."

"संभाव्य म्हटलंय."

"पण तुम्हाला माहीत आहे हे खोटं आहे!"

"आवाज खाली. इथं एवढी माणसं काम करतात, त्यांच्या घरांचा विचार कर. मुलांचं काय जातंय? ती शिकतायत. उपग्रह बनवला, वर गेला, बायोडेटात लिहायला एवढं पुरे. विद्यार्थ्यांचा उपग्रह बिघडला म्हणून त्यांना कुणी फासावर देत नाही. उलट कौतुकच करतात."

मी सही करणार नाही म्हटलं. ते म्हणाले, "नको करूस," आणि खरंच, त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणाची तरी सही झाली. माझ्याशिवाय काही अडत नव्हतं.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. वाशीमला जायचं होतं. कॉलेजनं त्यांचा सत्कार ठेवला होता आणि तिथंच ते मुलांना निष्कर्ष सांगणार होते. "तू चल. मुलांचा तुझ्यावर जीव आहे. तू शेजारी बसलीस की त्यांना बरं वाटेल. बोलायचं काही नाही, नुसतं बसायचं."

मी गेले. का गेले, असं लोक विचारतात. मला वाटलं, मुलांच्या तोंडाकडं बघून हा माणूस ते वाक्य उच्चारू शकणार नाही. माझा त्याच्यावर तेवढा विश्वास होता. गाडीत तो जुन्या दिवसांच्या गोष्टी सांगत होता, जालन्याच्या पुढं थांबून त्यानं मला चहा पाजला. मध्येच म्हणाला, "तुझ्यासारखी माणसं कंपनीचा विवेक असतात, शलाका." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मनातल्या मनात त्याला अहो-जाहो करणं मी त्याच प्रवासात सोडलं.

कॉलेजचं सभागृह गच्च भरलं होतं. विद्यार्थी, पालक, गावातली माणसं. प्राचार्यांनी कामतेकरला शाल-श्रीफळ दिलं. मग तो बोलायला उभा राहिला, आणि बोलायला तो मोठा वाकबगार. अपयशाला घाबरायचं नाही, अपयश हाच खरा शिक्षक, मी स्वतः तुमच्या वयाचा असताना किती वेळा पडलो. मुलं मान हलवत होती. मग आवाज जरा मऊ करून त्यानं सांगितलं, "आमच्या रॉकेटनं आपलं काम चोख केलं. टिटवीला तिच्या घरी सोडलं. पुढं तिचे पंख उघडले नाहीत. बहुधा अँटेना. वाईट वाटून घेऊ नका."

कुणी नाव घेतलं नाही. तरी सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या.

अँटेना कल्याणी इंगोलेची होती. मंगरुळपीरची मुलगी, वडील मोटारी वाइंडिंग करून द्यायचे. टिटवी पेटीत बसवायला मुलं पुण्याला आली होती तेव्हा हीच माझ्याबरोबर सगळ्यात जास्त राहिली. प्रत्येक गोष्टीला "पण मॅडम, नाही झालं तर?" म्हणून विचारायची. मी तिला म्हणायचे, तू माझी नोकरी घेणार एक दिवस.

ती उठली. तिच्या हातात टिटवीची जुळी होती. चाचण्यांसाठी मुलांनी दोन बनवल्या होत्या, एक वर गेली, एक खाली राहिली. ती पुढं आली आणि टेबलावर तिनं ती ठेवली.

"सर, ही मी रोज तपासते. फ्रीजरमध्ये ठेवून पाह्यली, उन्हात ठेवून पाह्यली." तिनं बाजूचा स्विच सोडला. टक् आवाज होऊन अँटेनाच्या चारही पट्ट्या उलगडल्या. "दर वेळी उघडते. मग तीच काहून नाही उघडली?"

कामतेकर हसला. प्रेमळ हसला, तेच मला सहन झालं नाही. "बेटा, अंतराळ म्हणजे फ्रीजर नव्हे."

सभागृह हसलं. प्राचार्य हसले. कल्याणीचे कान लाल झाले. ती पट्ट्या पुन्हा दुमडायला लागली, पण एक पट्टी निसटून सारखी वर येत होती. शेवटी तिनं ती सोडून दिली आणि लोकांकडं वळून हात जोडले.

"माझ्या अँटेनामुळं सगळ्यांची मेहनत वाया गेली. आधीच्या ताईदादांची पण. मी सगळ्यांची माफी मागते."

मागच्या एका रांगेत तिची आई बसली होती. तिनं पदर ओढून मान खाली घातली.

मी कधी उभी राहिले ते मला आठवत नाही. आवाज मात्र आठवतो, कारण तो माझा वाटला नव्हता.

"कल्याणी, हात खाली घे. तुझं काही चुकलेलं नाही."

कामतेकरनं माझ्या कोपराला हात लावला. मी तो झटकला.

"टिटवीची अँटेना उलगडली नाही, कारण टिटवी बाहेरच पडली नाही. पेटीचं दार उघडलं नाही. दाराची खिट्टी अडकली. ती पेटी आमची, खिट्टी आमची. ती अडकते हे आम्हाला उड्डाणाच्या आधीपासून माहीत होतं."

कामतेकरनं माइक ओढला. "आमच्या शलाका बोरवणकर मॅडम भावनावश झाल्यात. लांबचा प्रवास, शीण—"

"सर, तुम्ही परवा केबिनमध्ये मला म्हणालात, 'तू बरोबर आहेस.' आता इथं म्हणा, मी चूक आहे. माझ्याकडं बघून म्हणा."

त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. "हा तांत्रिक विषय आहे. तो असा जाहीर सभेत—"

"सर, इथं सगळे इंजिनिअरिंगवालेच बसलेत," लव्हाळे सर म्हणाले. ते पहिल्या रांगेतून उठून व्यासपीठाच्या पायरीशी आले होते. त्यांचा आवाज चढला नव्हता. "होऊ द्या तांत्रिक. मॅडम, कशावरून म्हणता?"

"सर, बोटीतून कुणी पाण्यात उडी मारली तर बोट मागं सरकते ना? आमची बोट जागची हलली नाही. टप्प्याला धक्का बसल्याची नोंदच नाही. रडारवाल्यांनाही वर एकच वस्तू दिसतेय."

लव्हाळे सर क्षणभर डोळे मिटून उभे राहिले. ते मनात हिशेब करत होते हे मला कळत होतं. विद्यार्थीही करत होते. तेवढ्यानं सगळ्यांना पटलं. समजावून सांगायला आणखी काही लागलंच नाही.

"म्हणजे ती अजून पेटीतच आहे?"

"हो."

"चालू?"

"बंद. आत असेपर्यंत तिचा स्विच दाबलेला राहतो. बाहेर आली की जागी होणार होती. तिच्यात काहीही बिघडलेलं नाही, सर. तिला कुणी सोडलंच नाही."

मला वाटलं होतं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल. कुणालाच वाटलं नाही. पुढच्या रांगेतला एक मुलगा हमसून रडायला लागला. कल्याणी टेबलाला धरून उभी होती.

"मग सोडा ना तिला, मॅडम," ती म्हणाली. "काही तरी करा. नुसतं दार उघडा. पुढचं ती पाहून घेईल."

टप्प्याची बॅटरी उड्डाणानंतर थोड्याच वेळात संपते. त्याला आज्ञा द्यायची कुठलीच सोय उरली नव्हती. मी नकारार्थी मान हलवली. तिला कळलं. मग ती कामतेकरकडं वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

तो घड्याळाकडं बघत उठला.

"सर, मी विचारलं. तुम्हाला माहीत होतं?"

तो मधल्या वाटेनं बाहेर गेला. शाल खांद्यावरच होती. मुलं बाजूला झाली, कुणी त्याला अडवलं नाही, कुणी शिवी दिली नाही. खाली गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला. मला न घेता गाडी गेली.

सगळे पांगल्यावर कल्याणीची आई माझ्याजवळ आली. "म्हंजे पोरीचं काई चुकलं नाई नं?"

"नाही, काकू. काहीच नाही."

"मंग त्यायनं एवढ्या लोकांत तिले तसं काऊन म्हटलं?"

मी एसटीनं पुण्याला परत आले.

दुसऱ्या दिवशी माझ्या कार्डानं ऑफिसचं फाटक उघडेना. वॉचमननं माझ्याकडं न बघता एक खोकं आणून दिलं, त्यात माझा डबा, चप्पल आणि कप होता. पुढं वकिलाची नोटीस आली, कंपनीची गुपितं फोडल्याची. पेपरांनी कंपनीचं निवेदन छापलं, आणि लव्हाळे सरांचं पत्र एका स्थानिक दैनिकानं तेवढं छापलं, तेही कापून. सरांनी वरपर्यंत अर्ज केले. उत्तर एकच, प्रकरण बंद झालं आहे. कॉलेजनं उपग्रहाची प्रयोगशाळा हलवून तिथं परीक्षा विभागाचं सामान ठेवायची खोली केली. कल्याणी हैदराबादला मुलाखतीला गेली तर पहिला प्रश्न आला, "तो बंद पडलेला उपग्रह तुमचाच का?"

आमचा टप्पा पुढच्या पावसाळ्यात खाली आला आणि दक्षिणेकडच्या समुद्रावर जळून गेला. तिच्यासकट. लव्हाळे सरांचा भर दुपारी फोन आला. "पडली, मॅडम." मागं वर्गाचा गलबला ऐकू येत होता, तास सोडून ते बाहेर आले होते. मग ते म्हणाले, "चला, पोरं थांबलीत," आणि त्यांनी फोन ठेवला.

'गगनवेध'चं दुसरं रॉकेट नीट गेलं. तिसरं गेलं. सगळ्यांवर नवी खिट्टी होती.

मी भोसरीत एक छोटी चाचणी प्रयोगशाळा काढली. लोकांची यंत्रं गरम करायची, गार करायची, हलवायची, आणि कुठं तुटतात ते त्यांना सांगायचं. गिऱ्हाईक थोडं, पण ज्यांना खरं ऐकायचं असतं ते येतात. कल्याणी काही वर्षं इकडंतिकडं काढून माझ्याकडं आली. आता चाचणी विभाग तिच्याच हाताखाली आहे, आणि मलाही ती उलटतपासणीशिवाय सोडत नाही.

मागच्या वर्षी पुण्यात अंतराळ उद्योगाची मोठी परिषद भरली. आम्ही दोघी गेलो होतो. मुख्य भाषण कामतेकरचं. केस पांढरे झालेले, बाकी तोच. विषय, विश्वसनीयता. इंग्रजीत बोलत होता, पण मध्येच हसून म्हणाला, पुणेकरांसाठी एक किस्सा मराठीत सांगतो.

"आमचं पहिलं उड्डाण! रॉकेट वेळेवर गेलं, अगदी ठरल्या जागी गेलं, आणि वर गेल्यावर दारच उघडेना! एवढीशी खिट्टी हो! लग्नाची वरात दारात आणि नवरदेव गाडीतच कोंडलेला!"

मोठा हशा पिकला. तो हशा ओसरेपर्यंत थांबला, मग गंभीर झाला. "त्या एका खिट्टीनं आम्हाला विश्वसनीयता शिकवली. आम्ही अपयश लपवत नाही, त्यातून शिकतो." टाळ्या.

ज्यासाठी त्यानं मला रस्त्यावर आणलं, ज्यासाठी एका पोरीला भर सभेत हात जोडायला लावले, ते सत्य आता त्याच्या भाषणातला विनोद झालं होतं. आता ते त्याला परवडत होतं.

प्रश्नांसाठी माइक फिरायला लागला तेव्हा मी हात वर केला.

"तुमच्या कंपनीच्या वेबसाइटवर त्या उड्डाणाखाली आजही 'ग्राहकाच्या उपग्रहातील दोषामुळे' असं लिहिलंय. ते कधी बदलणार?"

त्यानं डोळ्यांवर हात धरून बघितलं. ओळखलं. चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही. "अरे, शलाका! मित्रहो, ही आमची जुनी सहकारी. अगं, किती वर्षं झाली त्याला! कोण वाचतं आता ते?"

माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"मी वाचते," कल्याणी म्हणाली. तिच्याजवळ माइक नव्हता, पण तिला त्याची गरज पडली नाही. "मुलाखतीला गेले की समोरचे पण वाचत."

"आपण?"

"कल्याणी इंगोले, मंगरुळपीर. अँटेना माझी होती. दाराच्या आत."

या वेळी कुणी हसलं नाही. कामतेकर म्हणाला, "हो हो. आपण चहाला नक्की बोलू." सूत्रसंचालकानं पुढचा प्रश्न घेतला. चहाला तो आला नाही, त्याला विमान गाठायचं होतं म्हणे.

पण वाक्य बदललं. आठवडाभरातच. कल्याणीनं कामाच्या टेबलापाशी मला मोबाइलवर दाखवलं. 'तांत्रिक कारणामुळे उपग्रहाशी संपर्क होऊ शकला नाही.'

"चला," मी म्हटलं, "निदान तुझ्यावरचा डाग तरी गेला."

तिनं माझ्याकडं रोखून बघितलं. मग तिनं तिथंच उभ्या उभ्या कंपनीला मेल लिहिली. एका ओळीची. 'कुणाच्या तांत्रिक कारणामुळे?' खाली स्वतःचं पूर्ण नाव.

उत्तर आलं नाही. पुढच्या सोमवारी तिनं तीच ओळ पुन्हा पाठवली. अजून दर सोमवारी पाठवते.